स्टेशनपासून पाच मिनिटं

स्थळ सुचवताना मुलाचा पगार आणि घर विकताना स्टेशनचं अंतर, या दोन आकड्यांवर शहाण्या माणसानं विश्वास ठेवू नये. पैकी पहिल्या आकड्यानं माझ्या सासऱ्यांना फसवलं. दुसऱ्यानं मला फसवायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि त्यातून बँकेतला कारकून. दुसऱ्यानं मांडलेल्या आकड्यापुढं बरोबरची खूण केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. मी घड्याळ लावून चालत गेलो. त्या चालण्यातून जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. मिटावं अशी माझी इच्छाही नाही.

प्रकरण २०२३ सालचं. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आम्ही भाड्यानं राहत होतो. आई, सौ., नववीतली कन्या आणि अस्मादिक. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा, घरमालक भाडं वाढवायचे आणि वर चहा पाजायचे. असं छान चाललं असताना इमारत पुनर्विकासाला निघाली. त्यात घरमालकांना मोठं घर मिळणार होतं. आम्हाला तीन महिन्यांची मुदत मिळाली.

मध्य रेल्वेच्या काठानं राहणाऱ्या मराठी माणसाला, खिशात बेताचे पैसे घेऊन घर शोधायचं म्हटलं की सगळे प्रश्न गळून पडतात आणि शेवटी एकच उरतो. ठाणं की डोंबिवली? हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. तुम्हाला अनुभव घ्यायचा असेल तर एखाद्या लग्नाच्या पंगतीत विचारून पाहा. मठ्ठ्यापर्यंत माणसं जेवायची विसरतात.

ठाणेकराचं म्हणणं असं, की १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्याला आली. डोंबिवलीला नाही. हे तो अशा थाटात सांगतो की त्या दिवशी हा स्वतः फलाटावर हारतुरे घेऊन उभा होता. आमच्या शाखेतल्या एका डोंबिवलीकराला मी हे ऐकवलं. तो म्हणाला, “बरोबर आहे. तेव्हा ठाण्याला गाडी रिकामी मिळायची. आता ठाण्याला येते ती आम्ही भरून पाठवतो.”

आमच्या घरात हा प्रश्न आणखी नाजूक होता, कारण माझा मेव्हणा ठाण्यात राहतो. निदान तो तसं म्हणतो. प्रत्यक्षात तो घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीच्या पुढं राहतो. ठाणे स्टेशनपासून ते दहा किलोमीटरच्या वर भरतं. इमारत तीस मजली. नाव असं की उच्चारताना इटलीतून जाऊन आल्यासारखं वाटतं. खाली तरणतलाव आहे, त्यात मी आजवर कोणालाही तरताना पाहिलेलं नाही. “भावोजी, ठाण्यातच घ्या,” तो म्हणाला. “डोंबिवली म्हणजे काय, शेवटी डोंबिवलीच.”

हे ‘शेवटी डोंबिवलीच’ मला झोंबलं. त्या क्षणी डोंबिवलीशी माझा काडीचा संबंध नव्हता, तरी झोंबलं.

माझा पहिला आक्षेप असा. ठाणं म्हणताना माणसाच्या डोळ्यांपुढं काय येतं? तलावपाळीवरची संध्याकाळ येते, गडकरी रंगायतन येतं, राम मारुती रस्त्यावरची खरेदी येते, नौपाड्यातली जुनी, झाडांतली घरं येतात. ते ठाणं खरंच सुंदर आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या ठाण्यात घर घ्यायचं तर मला बँकेत नोकरी करून भागलं नसतं, बँकच लुटावी लागली असती. मग आपल्याला काय मिळतं? ठाणं हे नाव मिळतं. एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधून घोडबंदर रस्ता. त्या रस्त्यावर दिवसरात्र कंटेनर, आणि कंटेनरच्या मागं आपण. तलावपाळी दिवाळीला बघायची. पण चौरस फुटामागं तिचा भाव मात्र पहिल्या दिवशी मोजायचा. लग्नपत्रिकेवर ‘ठाणे (पश्चिम)’ असं छापून येण्यासाठी वीस वर्षं हप्ते फेडणारी माणसं मी रोज काउंटरवर बघतो. पत्त्याच्या हौसेवर बँका चालतात. मी त्यातलाच पगार घेतो, हेही कबूल करतो.

तरीसुद्धा मेव्हण्याचा मान राखायचा म्हणून आम्ही त्याच्या घराच्या आसपास एक जागा बघायला गेलो. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘ठाणे स्टेशनपासून अवघी पंधरा मिनिटं’. संध्याकाळी सात वाजता स्टेशनबाहेरून निघालो. माजिवड्याला वीस मिनिटं झाली. कापूरबावडीला रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि घरी फोन लावला. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे होते. त्यांच्याकडं बघून आशा वाटावी अशी अपेक्षा होती, पण मला ते खांब ‘थांब’ म्हणणाऱ्या पोलिसासारखे वाटले. पंचावन्न मिनिटांनी आम्ही पोचलो. मी एजंटाला घड्याळ दाखवलं. तो अजिबात ओशाळला नाही. म्हणाला, “साहेब, रात्री अडीच वाजता निघून बघा. पंधराच्या वर एक मिनिट लागलं तर नाव बदलीन.”

या माणसाचा मला राग आला नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. रात्री अडीच वाजता पंधरा मिनिटं लागत असतीलच. राग येतो तो आपला. आपण जागेचा प्रत्येक चौरस फूट मोजून घेतो आणि मिनिटं मात्र न मोजता घेतो.

चौरस फुटांचं शास्त्र तर आता फार पुढं गेलं आहे. पूर्वी बिल्डर सुपर बिल्टअप नावाच्या मापानं घर विकत असत. त्यात जिना, लिफ्ट, व्हरांडा, सगळ्यांचा तुकडा तुमच्या वाट्याला येई. सातशे फुटांचं घर घेतलेला माणूस घरात शिरला की उरलेले फूट जिन्यात शोधत असे. २०१६ साली रेराचा कायदा झाला, १ मे २०१७ पासून आपल्याकडं महारेराचं काम सुरू झालं आणि घर कार्पेट मापानंच विकायचं असं ठरलं. कार्पेट म्हणजे घरातली वापरता येण्याजोगी जागा. बाहेरच्या भिंती त्यात धरत नाहीत. आतल्या खोल्यांमधल्या भिंतींची जाडी मात्र धरतात. म्हणजे आपल्या सतरंजीचा काही भाग भिंतीत गेलेला असतो. असो. निदान व्याख्या तरी आहे. पण मिनिटाची व्याख्या कुठल्या कायद्यात आहे? फुटामागं फसवलं तर दाद मागता येते, मिनिटामागं फसवलं तर रिक्षावाल्याच्या पाठीकडं बघत बसावं लागतं.

माझी सरकारकडं जाहीर मागणी आहे. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, एका हातात डबा, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, जुलै महिना आणि संध्याकाळचे सात, या अवस्थेत फलाटापासून घराच्या दारापर्यंत जो वेळ लागतो तीच कायदेशीर मिनिटं धरावीत. बरोबर म्हातारी आई असेल तर दीडपट.

ही मागणी मान्य होण्याची वाट न बघता मी तीच कसोटी डोंबिवलीला लावली. तिथं एका जुन्या, तीन मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जागा होती. एजंट म्हणाला, “स्टेशनपासून पाच मिनिटं.” मी चाललो. अकरा लागली. म्हणजे डोंबिवलीचा एजंटही थापाड्याच. पण डोंबिवलीत थाप सहा मिनिटांची होती आणि घोडबंदरला चाळीस मिनिटांची. कारकुनाला फरक कळतो.

आणि ती अकरा मिनिटं कशी होती ते सांगितलं पाहिजे. स्टेशनचा पूल उतरलो तो गर्दीत. दोन्ही बाजूंना भाजी, फुलं, चपला शिवणारा, घड्याळ दुरुस्त करणारा. पुढं पोळीभाजी केंद्र. पोळीभाजी केंद्र ही डोंबिवलीनं नोकरदार संसारावर केलेली मोठी मेहेरबानी आहे. सौ. तिथं थांबली. पोळ्या मोजून घेणाऱ्या बायकांच्या रांगेकडं ती जशी बघत राहिली तशी ती आमच्या लग्नात माझ्याकडंही बघत नव्हती. त्यापुढं फडके रस्ता. दिवाळीच्या पहाटे इथं सगळी तरुण डोंबिवली नटूनथटून उभी असते. त्यापुढं गणेश मंदिर. १९९९ साली गुढीपाडव्याची शोभायात्रा इथूनच सुरू झाली आणि मग ती पद्धत गावोगाव गेली. मी देवाला नमस्कार केला आणि घड्याळ बघितलं. नमस्काराचं अर्धं मिनिट मी हिशेबात धरलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. वस्ती म्हणजे तुमच्या सोसायटीच्या फाटकाच्या आत काय आहे ते नव्हे. स्टेशन ते दार या रस्त्यावर रोज काय भेटतं ती वस्ती. मेव्हण्याच्या इमारतीत व्यायामशाळा आहे, पण कोथिंबीर नाही. कोथिंबिरीसाठी त्याला गाडी काढावी लागते, ती वळवून आणेपर्यंत आमटी उकळून आटते. त्याची बायको कोथिंबीर फोनवरून मागवते. कोथिंबीर येते, पण सोबत गप्पा येत नाहीत. बाराव्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचं आडनाव त्याला दोन वर्षांनी कळलं, तेही पार्किंगच्या भांडणात.

डोंबिवलीची बाजू घेताना मी तिची पापं लपवणार नाही. तिथल्या औद्योगिक वसाहतीतला रस्ता २०२० साली रसायनांनी गुलाबी झाला होता, तो बघायला मुख्यमंत्री आले. २०१६ च्या मे महिन्यात तिथल्या कारखान्यात मोठा स्फोट झाला, माणसं मेली. आम्ही राहायला गेल्यावर २३ मे २०२४ ला पुन्हा तसाच झाला. घरं आधी की कारखाने आधी, यावर लोक वाद घालतात. बॉयलरला त्या वादात रस नसतो. आईनं तर जागा बघण्याआधीच विरोध नोंदवला होता. “अरे, बँकेतला माणूस डोंबिवलीला राहिला की काय होतं ते मी सिनेमात बघितलंय,” ती म्हणाली. २००५ साली ‘डोंबिवली फास्ट’ आला होता. त्यातला नायक डोंबिवलीचा, बँकेत नोकरीला, आणि शेवटी बॅट घेऊन रस्त्यावर उतरतो. मी आईला म्हटलं, “मला बॅट धरता येत नाही.” तिचं समाधान झालं. लहानपणापासून मी शून्यावर बाद होताना तिनं पाहिलं होतं.

मग एका रविवारी मी पद्धतशीर ताळेबंद मांडला. दोन्ही जागांची किंमत पंचावन्न लाखांच्या आसपास. घोडबंदरला तीनशे वीस फूट कार्पेट, डोंबिवलीला चारशे ऐंशी. दोन्हीकडं चाळीस लाखांचं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत महिन्याला चौतीस हजार सातशे तेरा रुपये हप्ता, म्हणजे एकूण त्र्याऐंशी लाखांच्या वर. चाळीस घेतले, त्यावर त्रेचाळीस व्याज. हे गणित मी काउंटरवर शेकडो लोकांना हसतमुखानं समजावून दिलेलं आहे. स्वतःसाठी मांडलं तेव्हा पाणी प्यावं लागलं. शिवाय घोडबंदरला महिन्याचा मेंटेनन्स म्हणजे न पोहलेल्या तलावाचं भाडं.

माझी शाखा मुलुंडला. मुलुंडच्या माणसाला ठाणं म्हणजे पुढचंच स्टेशन, त्यामुळं माझा स्वार्थ ठाण्याकडं होता. सौ.चं ऑफिस फोर्टात. ठाणं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चौतीस किलोमीटर, डोंबिवली अठ्ठेचाळीस. नकाशावर ठाणं जिंकत होतं. मी ताळेबंद तिच्यापुढं ठेवला. तिनं तो वाचला नाही. चष्मा पुसत म्हणाली, “घरात तुमची आई आणि पोरगी. मी किती वाजता घरी पोचणार, हे मला सकाळी निघताना सांगता आलं पाहिजे. गाडीला वेळापत्रक असतं. तुमच्या त्या रस्त्याला आहे का?”

मी चार पानं लिहिली होती. ती दोन वाक्यांत बाद झाली.

घर तिच्या एकटीच्या नावावर घेतलं. घर बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पंचावन्न हजार रुपये वाचले. स्त्रीला संपत्तीत हक्क मिळावा म्हणून थोर माणसांनी केवढा लढा दिला, आणि मी तो एका टक्क्यासाठी सोडून दिला. आता कधी वाद झाला की ती एवढंच म्हणते, “माझ्या घरात आवाज वाढवू नका.”

यानंतर दोन वर्षं मी आणि मेव्हणा प्रत्येक सणाला हे भांडण नव्यानं लढत आलो. तो माझ्या गर्दीवर बोलायचा, मी त्याच्या ट्रॅफिकवर. तो म्हणायचा, “मेट्रो आली की बघा.” मी म्हणायचो, “आली की सांग.” २०२५ च्या सप्टेंबरात त्याच्या बाजूला चाचणीची गाडी धावली, तेव्हा त्यानं मला तिचा फोटो पाठवला. चाचणीच्या गाडीत माणसं नसतात, हे मी त्याला उलट कळवलं.

मधल्या एका दिवसाबद्दल मात्र आम्ही दोघं बोलत नाही. ९ जून २०२५, सोमवार. सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. त्या दिवशी चार जीव गेले. मी काउंटरवर होतो. समोरचा ग्राहक पासबुक पुढं करत म्हणाला, “डोंबिवलीच्या बाजूला काहीतरी झालंय.” मी सौ.ला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग मेव्हण्याचा आला. “ताई कुठाय?” एवढंच तो म्हणाला. चाळीस मिनिटं आम्ही दोघं एकमेकांना फोन करून ‘लागला का’ विचारत होतो. मग तिचाच आला. ती आधीच्या गाडीनं गेली होती, फोन पर्सच्या तळाशी होता. मेव्हण्याला कळवलं तेव्हा त्याला बोलायची आयतीच संधी होती. तो बोलला नाही. संध्याकाळी ती ठरलेल्या वेळी घरी आली, पोळ्या घेऊन.

त्या दिवशी मला आमच्या भांडणाचा फार राग आला. घोडबंदरचा माणूस रोज दोन तास कंटेनरच्या धुरात बसतो. डोंबिवलीचा माणूस दारात एका पायावर उभा राहतो. आणि दोघं मिळून कोणाला जाब विचारतात, तर एकमेकांना. वर्षानुवर्षं घरं बांधायला परवानग्या देत गेले, आणि त्या घरांतली माणसं कामाला जाणार कशी हे कोणाच्या फायलीत लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर लोकलला बंद होणारी दारं बसवणार असं जाहीर झालं. दार बंद करायला माझी ना नाही. आत कोण मावणार तेवढं सांगावं. घर ठाण्यात घेतलं काय आणि डोंबिवलीत घेतलं काय, पैसे आपण पूर्ण मोजले. मग रस्ता आणि गाडी यांत आपला वाटा कार्पेट मापानं का मिळत नाही?

हे मी मेव्हण्याला परवाच्या दिवाळीत ऐकवणार होतो. तो सहकुटुंब आमच्याकडं यायचा होता. सकाळी आठला निघाला, साडेदहाला स्टेशनजवळ पोचला आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून तिथूनच त्यानं फोन केला. मागून भोंगे ऐकू येत होते, फडके रस्त्यावरच्या पोरांचा कल्लोळ होता.

“भावोजी, गाडी इथंच कुठंतरी लावतो. चालत किती लागतील?”

“पाच मिनिटं,” मी म्हणालो.